सात फरश्यांचा धबधबा

“तुझ्या हाताला पाणी टिकायचं नाही, पोरी.”

बाबा हे म्हणाले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. दप्तर खांद्यावर तसंच, बुटाची एक नाडी सुटलेली, आणि समोर परसात माझं तळं रिकामं पडलेलं. तुटक्या फरशीच्या तुकड्यानं मी ते तीन दिवस खपून खणलं होतं. आत आईचा जुना रेनकोट अंथरला होता. दोन दिवस त्यात पाणी उभं राहिलं. कडेला एक बेडूकही येऊन बसला, जणू त्यानंच जागा नावावर करून घेतली होती. तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर नुसता चिखल, आणि चिखलात रेनकोटची ओली चिंधी. बाबा शेजारी उभे होते. फरशीखाली बोट चेंगरलं म्हणून त्या आठवड्यात ते कामावर जात नव्हते. डाव्या हाताला हे एवढं बँडेज. माझ्याकडे न बघता ते तेवढं एक वाक्य बोलले आणि उजव्या हातानं खड्ड्यात राडारोडा लोटू लागले.

वाक्य एवढंसं, पण घरात ते रुजलं. माझ्या हातून पेला कलंडला की ते निघायचं. बादली हिंदकळली की निघायचं. माझा धाकटा भाऊ ढब्बू त्या वेळी दीड वर्षांचा होता. बोलायला लागला तसं त्यानंही ते उचललं. पाहुणे आले की म्हणायचा, “ताईला पाणी आणायला सांगू नका हं, दारापर्यंत येईस्तोवर तहानच उरेल फक्त.” सगळे हसायचे. मीही हसायचे. पण हसून झाल्यावर कुणाचं लक्ष नसताना मी माझे तळवे उघडून बघत असे. रेषांच्या मधून खरंच काही गळतं का ते.

आता मी त्रेचाळीस वर्षांची आहे. याच घराच्या मागच्या खोलीत माझं शिवणयंत्र आहे. पडदे, गाद्यांची कव्हरं, गाड्यांच्या ताडपत्र्या, जे येईल ते शिवते. खिडकीतून परस दिसतं. चाळीस वर्षं लोकांच्या घरात फरश्या बसवून बाबांनी तिथं उरलेल्या तुकड्यांची एक भिंतच रचून ठेवली होती. फेकायचं नाही हा त्यांचा बाणा.

काही महिन्यांपूर्वी एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडे पडद्यांची मापं घ्यायला गेले आणि खिडकीचं माप घेता घेता खाली बघतच राहिले. त्यांच्या अंगणात एक तळं होतं. तळ्यातलं पाणी पंपानं वर चढत होतं, खडीनं भरलेल्या एका वाफ्यात शिरत होतं, तिथून दगडांवरून उड्या मारत परत तळ्यात. वाफ्यात माती औषधालाही नव्हती आणि पालक मात्र हातभर पानांचा.

“माती नाही तर हा खातो काय?” मी विचारलं.

“मासे घाण करतात, खडीतले जिवाणू त्या घाणीचं खत करतात, ते हा खातो. आणि पाणी स्वच्छ करून माशांना परत देतो,” बाई म्हणाल्या. “सगळ्यांचं पोट भरतं आणि कुणी कुणावर उपकार केल्यासारखं वागत नाही. पडदे कधी देतेस?”

पडदे मी दोन दिवसांत दिले. बाईंनी चार पानं हातानं लिहून दिली: पंप कसा, खडी किती, मासे कधी.

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि कपातच बघत विचारलं.

“किती खोल?”

“गुडघाभर.”

“कुणाच्या गुडघ्याभर?”

“माझ्या. का?”

“वर जाळी बसवायची. लोखंडी. आणि कडेनं कठडा.”

“अहो बाबा, पाच-सहा माशांसाठी मांजरं कशाला येतील...”

“मांजरांचं कोण बोलतंय? एखादं लहान मूल आलं तर?”

“आपल्या घरातलं सगळ्यात लहान मूल पस्तीस वर्षांचं आहे आणि ट्रकचे सुटे भाग विकतं.”

“जाळी नसेल तर तळं नाही,” बाबा म्हणाले आणि कप उचलून आत गेले.

आतून आई ओरडली, “जाळी कशाला, पिंजराच करा. ढब्बूला आत ठेवू, मासे बाहेर फिरतील!”

आईचं असंच. सत्तरी गाठली तरी जिभेला धार. आणि जिभेवर गाणंही तेवढंच. दिसेल त्याच्या ती दोन ओळी करते; भांडी घासताना, लसूण सोलताना. मी खणायला सुरुवात केली त्या सकाळी दारात बसून तिनं पहिल्या ओळी सोडल्या:

*पाणी मी भरिते, घागर डुचमळे,*
*वाटेच्या मातीला माझं गुज कळे.*

रविवारी ढब्बू आला. बाह्या सरसावून खड्ड्यात उतरला.

“ताई, हे तळं आहे की मला पुरायची सोय?”

“तुझ्या मापाचा खड्डा खणायला यंत्र मागवावं लागेल,” आई म्हणाली. “खण गुपचूप.”

सात फूट लांब, पाच फूट रुंद, कडांना पायरी. तळ चाळून सारखा केला, खडे वेचले, वर वाळू आणि जुन्या सतरंज्या. मग जाड काळं प्लास्टिक. दुकानदार त्याला लायनर म्हणत होता. मी म्हटलं अस्तर. अस्तर माझ्या ओळखीचं. कोपऱ्यात त्याच्या चुण्या घातल्या, एकावर एक, कोटाच्या खांद्याला घालतात तशा, एक टाका न घालता. टाका म्हणजे भोक, आणि भोक म्हणजे पुन्हा तेच वाक्य. रोलमधलं तीन-चार हात अस्तर उरलं.

“काप की ते,” ढब्बू म्हणाला.

“शिलाईत माया ठेवतात. कापलेलं परत वाढत नाही.” मी ते गुंडाळून, जिथं धबधबा व्हायचा होता त्या बाजूला मातीत दडवलं.

धबधबा बाबांचा. तो त्यांनी कुणाला शिवू दिला नाही. गुडघे वाकत नव्हते, म्हणून बुटक्या स्टुलावर बसून ते ढिगातून एकेक तुकडा निवडत होते. “ही डॉक्टरांच्या वऱ्हांड्यातली. ही शाळेच्या जिन्याची. मुलांनी घासून बघ कशी गुळगुळीत केलीय. ही त्या नाटकगृहाची, बसवली त्याच वर्षी ते बंद पडलं.” अशा सात. सात ठिकाणच्या, सात रंगांच्या. प्रत्येक फरशी सिमेंटच्या मालावर बसवली की थापीच्या मुठीनं दोन टकटक, मग हाताचा तळवा फरशीवर असा फिरवायचे की जणू झोपलेल्या मुलाचा ताप बघताहेत. खिळ्याला टांगलेली, पातळी बघायची पाणसळ आणून दिली तर म्हणाले, “राहू दे. हाताला कळतं.”

सिमेंट वाळलं, तीनदा धुतलं, धबधब्याच्या माथ्यावरच्या वाफ्यात खडी भरून पालक लावला, तळ्यात पाणी भरून वर जाळी टाकली. पंप सुरू केला. पाणी पाइपातून वर गेलं, वाफ्यातल्या खडीत थोडं रेंगाळलं, मग पहिल्या फरशीवर आलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. धार मात्र जरा बारीक होती. लाजल्यासारखी.

“नवीन आहे,” आई म्हणाली. “सरावेल.”

सरावली नाही. रोज तळ्यातलं पाणी एक बोट उतरायचं. बाईंच्या कागदावर लिहिलं होतं, महिनाभर मासे सोडू नका, पाणी आणि खडी मुरू द्या. तो महिनाभर मी रोज दोन बादल्या वरून ओतत राहिले. ऊन पितंय, असं म्हणत राहिलो. उन्हावर खापर फोडणं सोपं. ते उलट बोलत नाही.

मग सहा सोनेरी मासे आणले. पाच दिवसांनी सकाळी पाहिलं तर एक कुशीवर तरंगत होता आणि बाकीचे वर तोंडं काढून हवा गिळत होते. मी तशीच मासेवाल्याकडे धावले.

“रोज नळाचं ताजं पाणी ओतता?” त्यानं कपाळाला हात लावला. “अहो, नळाच्या पाण्यात औषध असतं. दोन दिवस उघड्यावर ठेवून मग घालायचं, तेही थोडं. पण रोज दोन बादल्या जातात कुठे? ते शोधा आधी. नाहीतर उरलेले पाच मला आणून द्या, इथं जगतील तरी.”

घरी आले. बाबा मेलेल्या माशासाठी लिंबाच्या झाडाखाली खड्डा करून हात धूत होते. मी सगळं सांगितलं. ते तळ्याकडे बघत म्हणाले, “बुजवून टाकू.”

तोच आवाज, तोच उजवा हात. चौतीस वर्षं मध्ये गेलीच नव्हती असं वाटलं. पायात मला सुटलेली नाडी जाणवली.

“नाही,” मी म्हटलं. एवढ्या मोठ्यांदा की आई बाहेर आली. “मासे परत देईन, पालक उपटून टाकीन, पण कुठं गळतंय ते बघितल्याशिवाय यात एक मूठ माती पडणार नाही. माझ्या चुण्यांतून गळत असेल, तर माझ्या डोळ्यांना ते दिसू दे. नुसतं कुणी सांगून नको.”

बाबांनी ओले हात झटकले. आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी पंप बंद केला, जाळी बाजूला सरकवली. शिवणाचा पांढरा खडू घेतला आणि पाणी जिथं टेकलं होतं तिथं काळ्या अस्तरावर चारी बाजूंनी रेघ मारली. मग खोलीत येऊन यंत्रावर बसले. त्या दिवशी एका मोठ्या ऑर्डरची चाळीस कव्हरं होती. सतरा शिवली, त्यातली तीन उलटी. दर तासाला उठून खिडकीशी जायचं आणि बघायचं नाही असं ठरवून परत बसायचं. आई दोनदा येऊन गेली. एकदा चहा ठेवायला, एकदा तो गार झालेला न्यायला.

चार वाजता बाहेर गेले. ओणवी झाले. पाणी रेघेला टेकलेलं होतं. फार तर केसभर खाली, तेवढं उन्हाचं. मी चारी कडांना गुडघ्यांवर रांगत फिरले. रेघ, पाणी. रेघ, पाणी. माझ्या सगळ्या चुण्या मुकाट्यानं पाणी धरून बसल्या होत्या.

“आई!” मी हाक मारली. “आई गं, टिकलंय!”

आई आली, वाकली, बोट बुडवून रेघेशी नेलं. “टिकलंय की गं,” म्हणाली आणि तेच ओलं बोट माझ्या गालाला लावलं.

आता प्रश्न एवढाच, की तळं गळत नसेल तर पाणी जातं कुठं? मी पंप सुरू केला आणि धबधब्याच्या कुशीला जमिनीवर आडवी झाले, डोळे फरशीच्या पातळीत. पाणी पहिल्या फरशीवर आलं. बरंचसं पुढे पडलं. थोडं मात्र मागं वळलं आणि फरशीच्या मागच्या कडेनं चोरासारखं मातीत उतरलं. सातही पायऱ्यांवर तसंच. मी उठून मागच्या बाजूला गेले. सगळं परस कोरडं, आणि धबधब्याच्या पाठीशी मात्र पोटरीएवढं हिरवंगार गवत. महिनाभर मी त्याला रोज दोन बादल्या पाजत होते.

बाबा दारात उभे होते. मी आत जाऊन खिळ्यावरची पाणसळ घेतली आणि त्यांच्या हातात दिली. ते स्टुलावर बसले, पाणसळ शाळेच्या फरशीवर ठेवली. नळीतला बुडबुडा सरकत सरकत पुढच्या टोकाशी जाऊन थांबला. पुढची कड उंच, मागची खाली. डॉक्टरांची फरशी, तेच. नाटकगृहाची, तेच.

“मागं ढाळ दिलाय मी,” बाबा म्हणाले. आवाज अगदी बारीक. “चाळीस वर्षं... न्हाणीघर असो, ओटा असो. पाणी माणसाच्या पायाकडे यायला नको, भिंतीकडे जायला हवं. हात आपोआप...”

आईनं तोंडावर पदर धरला, पण हसू पदरात मावेना. “म्हणजे धबधबा म्हणून तुम्ही सात मजली न्हाणीघर बांधलंत की हो!”

मला वाटलं बाबा चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांनी छिन्नी मागितली.

स्वतः बसवलेल्या सातही फरश्या त्यांनी स्वतःच काढल्या, एकही न फोडता. मासे तळ्याच्याच पाण्यात, माझ्या कटिंगच्या टेबलाखालच्या टबात राहायला आले. मी मातीत दडवलेलं अस्तर उलगडलं आणि पायऱ्यांच्या खालून वर वाफ्यापर्यंत चढवलं. बरोबर पुरलं, चार बोटं उरलीसुद्धा. ढब्बू म्हणाला, “कापलं असतं तर?” आई म्हणाली, “तर तुझी कातडी लावली असती, ती भरपूर आहे.”

मग फरश्या पुन्हा. या वेळी पुढे ढाळ, काडेपेटीच्या काडीएवढा. पण बाबांचा हात ऐकेना. फरशी ठेवली की तळवा सवयीनं मागची बाजू दाबायचा. तेव्हा मी समोर बसले, मागच्या कडेखाली दोन बोटं घातली.

“दाबा. नाही, पुढं. अजून पुढं.”

“पडेल की.”

“पडू देत, बाबा. पडण्यासाठीच आहे ते पाणी.”

त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. मग पुढची कड दाबली. माझ्या बोटांवर फरशी किंचित उचलली गेली, आणि मला कळलं की आता बरोबर बसली. सात फरश्यांना दोन दिवस लागले. शेवटच्या दोन त्यांनी एकट्यानं बसवल्या आणि पाणसळीशिवाय. मी नंतर हळूच लावून पाहिली. दोन्ही अचूक.

दहा दिवसांनी, धुऊन-खळाळून, मुरवलेलं पाणी भरलं. वर पुन्हा जाळी, कडेनं आता बाबांच्या मनासारखा कठडा. शेजारच्या दोन घरांतली माणसं आपणहून भिंतीशी येऊन उभी राहिली. आईनं पंपाचं बटण दाबायचा हक्क सांगितला आणि दाबलं.

पाणी चढलं. खडीत शिरलं, पालकाच्या मुळांशी काहीतरी कुजबुजलं आणि पहिल्या फरशीच्या ओठावर आलं. क्षणभर थांबलं, उडी मारण्याआधी मूल थांबतं तसं. आणि पडलं. सगळंच्या सगळं, अंगभर, काचेच्या पडद्यासारखं. डॉक्टरांच्या वऱ्हांड्यातून शाळेच्या जिन्यावर, जिन्यावरून नाटकगृहात, आणि तिथून टाळ्यांच्या कडकडाटासारखं खाली तळ्यात. इतकी वर्षं लोकांच्या पायांखाली गप्प राहिलेल्या त्या फरश्या, आता प्रत्येकीला वेगळा आवाज फुटला होता. माझ्या यंत्राचा आवाज मी सतत वीस वर्षं ऐकला. तो त्या दिवशी पहिल्यांदा विसरले. पाचही मासे जाळीखाली धारेत तोंड खुपसून एका रांगेत उभे राहिले.

आईनं दोन्ही हात वर केले आणि भर परसात, शेजाऱ्यांसमोर, खड्या आवाजात म्हटलं:

*मुका होता दगड, मुका गं किती बाई,*
*पाणी आलं ओठी, आता गप्प बसत नाही.*

खडूची नवी रेघ मारून मी ती रोज बघितली. आठवडाभरानं पाणी उतरलं ते एक बोट, ऊन पितं तेवढंच. तिसऱ्या आठवड्यात आईनं पालकाची पहिली जुडी कापली. पानं एवढी रुंद की ढब्बूनं एक डोक्यावर ठेवून पाहिलं.

त्या रविवारी आम्ही चौघं कठड्याशी बसलो होतो. ढब्बूनं पाण्याचा पेला मुद्दाम माझ्या हातात दिला आणि मोठ्यांदा जाहीर केलं, “ऐका हो ऐका! ताईच्या हाताला पाणी टिकलं! बाबा, तुमचं वाक्य आजपासून रद्द.”

मी हसले. आईही हसली. बाबा हसले नाहीत. त्यांच्या डाव्या हाताचं जुनं चेंगरलेलं बोट कठड्यावरून मागे-पुढे फिरत होतं.

“ते तळं गळलं नव्हतं,” ते म्हणाले.

“कुठलं?” मी विचारलं.

“तुझं. रेनकोटचं.” ते धबधब्याकडे बघून बोलत होते. “तू शाळेत होतीस, ही कामावर. याला माझ्यापाशी ठेवलं होतं. बोट ठणकत होतं, गोळी घेतली होती, माझा डोळा लागला. जागा झालो तर हा नाही. परसात आलो. हा तळ्यात पालथा.”

ढब्बूच्या हातातलं पान खाली पडलं. आईनं त्याचं मनगट धरलं, तो दीड वर्षांचाच असल्यासारखं घट्ट.

“ओठ निळे पडले होते. उलटा धरला, पाठीत थापट्या मारल्या, किती मारल्या देव जाणे. मग रडला. एवढं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलं नाही. त्याला आत निजवला, आणि येऊन तुझा रेनकोट फाडला. चाकूनं. हिला काय तोंडानं सांगणार होतो, झोपलो होतो म्हणून? आणि तेवढ्यात तू आलीस, दप्तर घेऊन. काहीतरी बोलायला हवं होतं. जे तोंडाला आलं ते बोललो. नंतर रोज म्हणायचो, उद्या सांगू.”

धबधबा बोलतच होता. बाबांनी मान वळवली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा, तळ्याच्या काठी, त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं.

“तुझ्या हाताला पाणी टिकत होतं, पोरी. पहिल्यापासून. सांडलं ते मी.”